क्लेमांस, आणि मधला रकाना

मुलीच्या नावावर मी अमेरिकेत, रेडमंडमधल्या जमेल तितक्या माणसांची मतं घेतली. ज्या एका माणसाला विचारायला हवं होतं, तिला सोडून. कारण मला तिची भीती वाटत होती. ही सगळी हकिगत त्या भीतीचीच आहे. मुलगी त्यात अधूनमधून रडते, एवढंच.

ती म्हणजे माझी मोठी बहीण. अकरा वर्षांनी मोठी. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर तिने सत्तावीस वर्षं काढली आहेत. गावातल्या निम्म्या पोरांची नावं सरकारदरबारी तिच्या अक्षरात आहेत. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. त्यानंतर माझा डबा, माझी वेणीफणी (हो, केस वाढवायचा हट्ट होता माझा), प्रगतिपुस्तकावरची सही, सगळं ताईच्या वाट्याला आलं. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही, आणि आता या प्रकरणानंतर ती होईल असं वाटत नाही.

टेबलापलीकडून बघायची तिची एक पद्धत आहे. चष्मा नाकावर खाली, पेन हवेत थांबलेलं, आणि तोंडातून एकही शब्द नाही. या नजरेपुढे गावातल्या भल्याभल्यांनी खोट्या जन्मतारखा परत घेतल्या आहेत. मी तर तिच्या हातचा वरणभात खाऊन वाढलो, माझी काय कथा.

तिने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. माझं लग्न ठरलं त्या दिवशी म्हणाली, "मला मानाची साडी नको, काही नको. तुला लेकरू झालं की नाव मी ठेवीन."

"आत्याचाच मान असतो ताई तो. मागायचं काय त्यात?"

"मागून ठेवलेलं बरं असते. तू विसरभोळा आहेस."

मुलीचं नाव तिने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. टेबलाशी येणारे आईबाप तिला नेहमी विचारत, "मॅडम, एखादं चांगलं नाव सांगा ना." ती सांगायची. शेकडो सांगितली. पण हे एक नाव तिने सत्तावीस वर्षांत कोणाला सुचवलं नाही. राखून ठेवलं. गावात कोणी आपणहून तेच नाव घेऊन आलं, तर ती नोंद करताना तिचा चेहरा पडायचा, असं तिच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला एकदा सांगितलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. नंतर बायकोने काढलेलं दुसरं लिहितो, कारण त्याच्यावर अर्ध्या रेडमंडचं मत देऊन झालेलं आहे.

माझी बायको पुण्याची. कॉलेजात असताना ती तीन वर्षं फ्रेंच शिकली. त्यांच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येकीला एकेक फ्रेंच नाव वाटून दिलं होतं, वर्गात शिरलं की तेच नाव लावायचं. हिच्या वाट्याला आलं क्लेमांस. घरी ही दोन भावांची बहीण, स्वयंपाकघरात हाताखालची, मोठ्या आवाजात हसायची चोरी. वर्गात मात्र आठवड्यातून तीन संध्याकाळी ती क्लेमांस असायची, आणि क्लेमांसला कोणी पाणी आणायला सांगत नव्हतं. हे तिने मला लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं, तेही गाडीत, पावसात, एका पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना. पोटातलं बाळ मुलगी आहे हे त्याच दिवशी कळलं होतं.

"मुलीचं नाव क्लेमांस ठेवू या?"

मी मान हलवली. माझ्या मानेला आडवं हलताच येत नाही. ऑफिसातही मी असाच कामं घेऊन बसतो.

"पण ताईंना विचार आधी," ती म्हणाली. "मान त्यांचा आहे. त्या नको म्हणाल्या तर मी अजिबात रागावणार नाही. दुसरं शोधू."

बघा, किती सरळ बाई. एक फोन, एक वाक्य, आणि काय ते हो किंवा नाही. मी काय केलं? मतं गोळा करत सुटलो. माझा डाव असा होता की कोणीतरी या नावाला जबरदस्त नावं ठेवील, मग मी ते बायकोला सांगीन, ती बिचारी आपणहून विचार सोडील, आणि माझ्यावर फोन करायची वेळच येणार नाही. नाव माझ्या मुलीचं आहे हे कळू नये म्हणून सगळ्यांना सांगायचो, "एक मित्र आहे, त्याचं चाललंय."

पहिला गाठला तो ऑफिसातला फ्रेंच सहकारी. त्याने कॉफी ढवळत छताकडे पाहिलं आणि म्हणाला, सुंदर आहे, पण हल्लीच्या मुलींचं नाही, त्याच्या आजीबरोबर पत्ते खेळायला येणाऱ्या बायकांपैकी एखादीचं असावं तसं आहे. मला आशा वाटली. "म्हणजे वाईट?" तो दुखावल्यासारखा झाला. "वाईट? त्या बायका फार छान होत्या."

मॅनेजरबाई म्हणाल्या, "ओह, आय लव्ह इट." त्यांना सगळंच आवडतं. माझं गेल्या वर्षीचं फसलेलं डिझाइनही त्यांना आवडलं होतं.

नागपूरचा मित्र टेक्सासात, प्लेनोला असतो. त्याला फोन लावला.

"काहून बे, आपल्याकडची नावं संपली का?"

"माझं नाही रे, मित्राचं आहे."

"मित्र पागल आहे का? त्याची आई कशी हाक मारेल अंगणातून?"

"त्याची आई नाही आता."

"मग बहीण असेल ना कोणी. आत्या काय म्हणते?"

मी फोन कट केला आणि नेटवर्कवर ढकललं.

महाराष्ट्र मंडळातले एक निवृत्त डॉक्टर काका आणि काकू आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतात. इथे येऊन त्यांची चाळीसहून जास्त वर्षं झाली. काका म्हणाले, "मी नावांवर मत देणं सोडलंय. आमच्या चिरंजीवांचं चांगलं पाच अक्षरी, ऋषींचं नाव ठेवलं. कॉलेजात जाऊन त्याने ते एका अक्षरावर आणलं." काकूंनी मात्र नीट चौकशी केली. अर्थ काय, म्हणाल्या.

"दया. म्हणजे एखाद्याला शिक्षा देणं आपल्या हातात असतानाही न देणं."

"छान आहे की. मुलगी कोणाची म्हणालास?"

"मित्राची."

"कितवा महिना मित्राच्या बायकोला?"

"सातवा."

"हो का," काकू म्हणाल्या, आणि माझ्या ताटलीत आणखी दोन चकल्या वाढल्या. तेव्हापासून मला काकूंचीही भीती वाटायला लागली.

शेवटचा प्रयोग मी एका कॉफीच्या दुकानात केला. ऑर्डर देताना नाव सांगितलं क्लेमांस. परक्या तोंडून ते कसं ऐकू येतं ते बघायचं होतं. काउंटरमागच्या मुलीने ते इतकं मोकळ्या गळ्याने, इतकं गोड पुकारलं की दोन आजीबाईंनी हसून वळून पाहिलं. मी, हा मिशीवाला, पोट सुटलेला, गळ्यात ऑफिसचा बिल्ला असलेला क्लेमांस, खांबामागे उभा राहिलो. तिने तीनदा पुकारलं. कॉफी तिथेच सोडून मी पावसात बाहेर पडलो. नाव सुंदर होतं. ते कोणीही हाणून पाडणार नव्हतं. फोन मलाच करावा लागणार होता.

तो मी केला. एका शनिवारी सकाळी, तिकडे संध्याकाळी, तीनदा पाणी पिऊन. "ताई, नावाचं जरा बोलायचं होतं," एवढं तोंडातून बाहेर पडलं.

"मीही तेच सांगणार होते! बाळंतविडा तयार झाला. सहा झबली, चार टोपडी. आणि दुपट्याच्या कोपऱ्यात नाव भरलंय, साखळी टाक्यात. दोनदा उसवलं, मनासारखं येईना. आता आलंय. तू काय म्हणत होतास?"

"हेच, की... तू म्हणशील तेच नाव."

"मग? आणखी कोणाचं असणार?"

फोन ठेवला. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या ताई?"

आणि माझ्या तोंडाने, मला न विचारता, उत्तर दिलं, "आवडलं त्यांना."

एवढं सोपं होतं ते. दोन वाक्यं, दोन बायका, दोघी खूश. पुढचे दोन महिने घरात इतका आनंद होता की मला झोप लागेना. फोन वाजला की मीच आधी धावत जाऊन उचलायचो. दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या की मी मध्येच घुसून हवामान सांगायचो. ताई म्हणाली, "तुमच्या गावात पाऊस पडते हे मला आता पाठ झालं रे."

मुलगी झाली. ठणठणीत. ती पहिल्यांदा रडली तेव्हा मीही रडलो, आणि नर्सला वाटलं, काय हळवा बाप आहे. निम्मं रडणं भीतीचं होतं, पण तेवढं इंग्रजी मला त्या वेळी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी जन्मदाखल्याचा फॉर्म घेऊन हॉस्पिटलमधली एक बाई आली. इथे बारशापर्यंत कोणी थांबत नाही. घरी जायच्या आत नाव द्यायचं असतं. मी विचारलं, "हा रकाना रिकामा ठेवला तर?" आपल्याकडे ठेवतात. ताई नेहमी सांगते की नाव नंतर भरून देता येतं, कायद्यातच आहे. ती बाई म्हणाली, ठेवा, पण नंतर तुम्हालाच चकरा माराव्या लागतील.

"अरे, रिकामा कशाला?" बायको उशीवरून म्हणाली. "ताईंना आवडलंय ना?"

मी क्लेमांस लिहिलं. पहिलं अक्षर दोनदा गिरवावं लागलं. पुढचा रकाना मधल्या नावाचा. तिथे मी माझं नाव लिहिलं. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव. आपल्याकडे त्यात विचार करण्यासारखं काय असतं? त्या अख्ख्या फॉर्मात न घाबरता भरलेला तो एकच रकाना.

नवव्या दिवशी ताई आली. विमानतळावर तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "काहून रे, बाळंतपण तुझं झालं का?"

बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे मला तीन दिवस काढायचे होते. विमानतळावरून येतानाच मी ताईला म्हटलं, "तिला अजून अशक्तपणा आहे. नावाचा विषय घरात काढू नकोस. एकदम पाळण्यातच सांग. सरप्राइज." आणि बायकोला सांगून ठेवलं होतं, "बारशाआधी नाव उच्चारलेलं ताईला चालत नाही. फार पाळते ती."

कसलं पाळते! ताईने आयुष्यात अमावास्या कधी आहे हे पाहिलेलं नाही. पण बायकोने ऐकलं. दोघी समजूतदार, दोघी एकमेकींना जपत होत्या. एक म्हणायची छकुली, दुसरी म्हणायची पिल्लू, आणि मधोमध मी, ज्याचा दर तासाला घाम पुसावा लागत होता. टपालपेटी मी दिवसातून चारदा उघडायचो. विम्याचं एक पाकीट आलं, त्यावर मुलीचं पूर्ण नाव. ते मी गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खाली ठेवलं. व्हिटॅमिनच्या थेंबांच्या बाटलीवरचं लेबल नखांनी खरवडून काढलं. ताईने बाटली उजेडात धरून पाहिली. "यावर काही लिहिलेलं नाही. औषध असं देतात का इथे?"

"ऑरगॅनिक आहे," मी म्हणालो.

तिने चष्म्याच्या वरून पाहिलं. पेन तेवढं नव्हतं हातात.

आणि ताई सकाळी मुलीला मांडीवर घेऊन तेल लावायची तेव्हा ओठ हलायचे तिचे. आवाज नाही. फक्त ओठ. ती ते नाव म्हणून बघत होती. ते दिसलं की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहायचो.

अकराव्या दिवशी मुलीची डॉक्टरांकडे तपासणी होती. मी ताईला म्हटलं, तू आराम कर. ती म्हणाली, "आराम करायला मी आठ हजार मैल आली का?" क्लिनिकमध्ये पोचताच मी दोघींच्या पुढे धावत काउंटरवर गेलो आणि तिथल्या मुलीला हळूच सांगितलं, प्लीज, पुकारताना फक्त आडनाव पुकारा. तिने गोड हसून "शुअर" म्हटलं. इथे शुअर म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

आम्ही बसलो. ताईच्या मांडीवर मुलगी, शेजारी बायको, समोर मी. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. मी त्यातल्या पायऱ्या वाचत होतो. चौथ्या पायरीला दार उघडलं आणि नर्सने हातातला कागद बघून पुकारलं, "क्लेमांस?"

कॉफीच्या दुकानातल्यापेक्षा जास्त गोड.

बायको सहज उठली, पिशवी खांद्याला लावली. "चला ताई, आपला नंबर."

ताई उठली नाही. "हे कोणाचं नाव पुकारलं?"

"आपल्या... म्हणजे..." बायको माझ्याकडे बघून हसली, तिला वाटलं ताई बारशाचं पाळतेय. "ताई, तुम्ही नका म्हणू उद्यापर्यंत. त्यांनी म्हटलं तर चालतं ना?"

"काय म्हणू नको?"

मग दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी पाचव्या पायरीवर होतो. अंगठे चोळावेत.

"तू ताईंना विचारलं होतंस ना?" बायकोचा आवाज अगदी हळू होता. नर्सने तिसऱ्यांदा पुकारलं. तेव्हा ताई उठली, मुलीला छातीशी नीट धरलं, आणि त्या दारातून आत गेली. माझ्याकडे बघितलं नाही. ती चष्म्यावरची नजरसुद्धा नाही. लहानपणापासून मी त्या नजरेला भीत आलो होतो. ती नसल्यावर काय वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आत मुलीचं वजन केलं. छान वाढलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एव्हरीबडी हॅपी? ताईने मुलीचं टोपडं नीट केलं.

परतताना दोघी मागच्या सीटवर, मधे मुलगी. मी पुढे एकटा, भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरसारखा. वायपरचा आवाज. अर्ध्या वाटेत मागून ताईचा प्रश्न आला, मला नाही, बायकोला. "तू हे नाव कुठून आणलंस?" बायकोने सांगितलं. फ्रेंचचा वर्ग, बाई, तीन संध्याकाळी, पाणी न आणणं. सांगताना ती रडायला लागली. "ताई, शपथ घेऊन सांगते, तुम्ही नको म्हणाला असता तर मी..."

"माहीत आहे. तू नको रडू. दूध उतरत नाही रडलं की."

घरी आल्यावर ताईने बॅग उघडली. दुपटं काढलं, कोपरा आत दुमडला, परत ठेवलं. तो दुमडलेला कोपरा पाहून मला वाटलं, आता ही उद्याचं विमान पकडणार आणि यापुढे दिवाळीच्या फोनवर माझ्याशी हवामान बोलणार. माझं आईबापाच्या जागी असलेलं एकच माणूस, आणि ते मी एक फोन करायला घाबरून घालवलं.

"ताई, ओरड ना मला."

"तू नाव दुसरं ठेवलंस म्हणून नाही," ती बॅगेकडे बघत म्हणाली. "मी रडले असते एक दिवस, मग हो म्हटलं असतं. तुला ते ठाऊक नाही, याचं वाईट वाटते. तुला मी काय मारत होते का रे?"

मी नाही म्हणालो. मान पहिल्यांदाच आडवी हलली.

"दाखला आण."

"अजून आला नाही. फॉर्मची प्रत आहे."

"मग ती आण."

मी ती कपाटामागून काढून आणली. तिने चष्मा लावला, टेबलाशी बसली आणि ओळीने वाचायला लागली, जसे तिने हजारो फॉर्म वाचले असतील. तारीख. वेळ. आईचं नाव. मग बोट मुलीच्या नावावर आलं, पुढे सरकलं आणि थांबलं.

"हे काय?"

"मधलं नाव. माझं. बापाचं."

"ते दिसते मला. इथे लागते का ते? कायद्याने?"

"नाही, लागत असं नाही. इथे लोक मधे काहीही ठेवतात. आवडतं एखादं नाव, आजीचं, नाहीतर आत्याने..."

वाक्य तिथेच संपलं. ते माझ्याच कानांनी मला ऐकू आलं. दोन महिने मी दोन नावांच्या मधे पिळून निघालो होतो, पाकिटं लपवली, लेबलं खरवडली, आणि दोन्ही नावं शेजारी शेजारी आरामात बसतील अशी जागा त्या फॉर्मातच होती. तिथे मी स्वतः जाऊन बसलो होतो. न घाबरता.

ताईने चष्मा काढला. "सत्तावीस वर्षं लोकांना सांगते, बाप्पा, घाई नको करू, आधी रकाना समजून घे. अन् माझ्या घरचा इंजिनिअर..." तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मग आवाज आला आणि कळलं की हसतेय, पण डोळ्यांतून पाणीही येत होतं, त्यामुळे नक्की काय ते मी आजही सांगू शकत नाही.

त्या दुपारी दोघींनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मी बाहेर मुलीला खांद्यावर घेऊन उभा. आतून ताईचा आवाज यायचा, "क्ले-मांस." मग बायको, "शेवट जरा नाकात, ताई." पुन्हा ताई. मग ताईचं ते दुसरं नाव, आणि बायको ते म्हणून बघतेय, दोन्ही जोडून, एकदा, दोनदा. "अर्थ काय म्हणालीस?" बायकोने सांगितलं, शिक्षा देता येत असूनही न देणं.

"चांगला आहे," ताई म्हणाली. "पण तो पोरीला लागू. याला नाही."

दोघी मोठ्याने हसल्या. दोघींची शांतता मी एकवेळ सोसली असती. ते हसणं ऐकून मी मुलीला घेऊन दारापासून चार पावलं मागे सरलो.

दुसऱ्या दिवशी बारसं. मंडळाचा एक घडीचा लाकडी पाळणा आहे, तो घरोघर गाड्यांतून फिरत असतो. काका-काकू तो घेऊन आले. काकूंनी आत शिरताच विचारलं, "मित्राच्या मुलीचं बारसं झालं का रे?" मी पाळण्याचे नट आवळायला बसलो.

ताईने दुपटं पसरलं. कोपरा उघडा. ती वाकली, मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि कुर्र केलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली. तशी ती वाकूनच मागे वळली आणि म्हणाली, "माझ्या नको. मी काही केलं नाही. त्याच्या घाला." पाच बायका होत्या. काकूंचा हात सत्तरीतही किती भारी आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या धपाट्यांच्या आवाजात ताईने कानात दोन्ही नावं सांगितली, आधी फ्रेंच, मग तिचं. मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. शेवट नाकात, बरोब्बर.

वर्ष व्हायच्या आत दाखल्यात दुरुस्ती करता येते. तो अर्ज ताईने स्वतः भरला, मला पेनला हात लावू दिला नाही. तिचं ते सरळ, उभं अक्षर. कारणाच्या जागेवर येऊन ती थांबली.

"ताई, कारकुनाची चूक असं लिहा," बायको म्हणाली. "असंच लिहितात सगळीकडे."

"कारकुनाला काहून बदनाम करायचं?" ताईने विचारलं, आणि इंग्रजीत लिहिलं, फादर वॉज अफ्रेड. मी म्हटलं, अर्ज परत येईल. ती म्हणाली, "खरं लिहिलेलं परत येत नाही. एवढी नोकरी झाली माझी."

ती गेल्यावर पाच आठवड्यांनी दुरुस्त दाखल्याचं पाकीट आलं. मी ते उघडायला घाबरलो, बायकोने उघडलं. मग ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे ती जेवत होती. हात धुऊन, चष्मा लावून समोर बसली.

"धर कॅमेऱ्यासमोर. हलवू नको. मधलं दाखव." मी दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता खाली घे. अजून खाली. शिक्का दाखव."